दगडाबाई कुणावर हसली

दगडाबाईला कॅमेऱ्यापुढं तोंड मिटता येत नाही. बाईमाणसानं फोटोला बसावं कसं? पदर नीट घ्यावा, हात गुडघ्यांवर ठेवावेत, ओठाला ओठ लावावा आणि फोटोवाला "झालं" म्हणेपर्यंत पापणी हलवू नये. माझ्या थोरल्याच्या लग्नात मी अशी बसले होते की बारामतीचा फोटोवाला म्हणाला, "एवढी न हलणारी बाई आजवर बघितली न्हाय." आणि ही बया! कॅमेरा दिसला की पार पडजिभेपर्यंत दाखवते. पुढचे दोन दात पडलेत, तिसरा अर्धा आहे, त्याची लाज नाही. वर लोकांचं कौतुक, दगडाबाईचा फोटो काय झ्याक येतो म्हणून.

ही माझी धाकटी जाऊ. एका चुलीपुढं आम्ही दोघींनी भाकरी थापल्या, एका वाड्यावरची, एकाच तळावरची मेंढरं राखली. मग भावाभावांची वाटणी झाली. आमच्या ह्यांनी सणसरची कालव्याकडची जमीन घेतली, गेणबा भावजींनी मेंढरं घेतली. आम्ही ऊस लावला, कारखान्याचे सभासद झालो, दारात ट्रॅक्टर आला, गोठ्यात जर्सी गाई आल्या. ते तिकडं शेळगावच्या माळावर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पाऊस यायच्या आत परत यायचं. कुणाचं बरं झालं हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. निदान मला तसं वाटत होतं, आमची सुकन्या कॅमेरा घेऊन घरी येईपर्यंत.

सुकन्या ही माझ्या थोरल्याची, आबासाहेबाची पोरगी. बोलायला लागली तेव्हा तिनं "आई" ही हाक पहिल्यांदा मला मारली, तिच्या आईला नाही. ती बारामतीला कॉलेजात जायला लागली आणि तिथं पोरापोरींचं फोटो काढायचं मंडळ निघालं. त्यांच्या सरांनी सांगितलं, देऊळ-डोंगर काढत बसू नका, आपापल्या माणसांत जा, त्यांचे फोटो काढा आणि काढलेले फोटो त्यांच्याच दारात मांडून त्यांना दाखवा. मला हे पटलं. आपली माणसं म्हणल्यावर पहिली मीच की!

मी मोरपंखी लुगडं नेसले. पुतळ्यांची माळ घातली, नथ घातली. खुर्ची ट्रॅक्टरपुढं मांडायला लावली आणि बसले.

"आजी, जरा सैल बस की," सुकन्या म्हणाली.

"सैल बसायला मी काय पोतं हाय?"

"आगं, काय तरी बोल. हस."

"तू काढ. मी बसलिया."

फोटो धुऊन आला तो काळा-पांढरा. माझं मोरपंखी लुगडं कोळशाच्या पोत्यागत काळं. आबासाहेबानं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "आई, मतदानाच्या नव्या कार्डावर लावाय एक नंबर हाय."

त्याच पाकिटातून मग बाकीचे निघाले, पोरगी शेळगावच्या माळावर जाऊन काढून आलेले. सुकन्यानं ते घोंगडीवर एकेक मांडले. पहिला दगडाबाईचा. मेंढीचं कोकरू पदरात घेऊन उभी, आणि हसते. दुसरा दगडाबाईचा. तीन दगडांच्या चुलीपुढं भाकरी थापते, वाऱ्यानं धूर तोंडावर, आणि हसते. तिसरा दगडाबाईचा. लोकर कातायची चाती मांडीवर फिरवते, आणि हसते. गेणबा भावजींचा एक होता, त्यातसुद्धा मागं ही, अर्धीच, पण हसते.

"ही काय येड्यागत दात काढती?" मी म्हणलं.

"आजी, बघ ना चाती कशी फिरल्यागत दिसती. धाकटी आजी एवढं बारीक सूत काढती."

"मला काय सांगतीस? दगडीला चाती धरायला मी शिकवली."

सुकन्यानं मान वर केली. "तुला कातता येतं?"

"येतं म्हंजी? लग्न होऊन आली तवा लोकरीचा गुंता करायची ती."

"मग कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी इचारलंस?"

"तुझी चाती कुठं हाय?"

माझी चाती पाणी तापवायच्या बंबात गेली, ट्रॅक्टर आला त्या साली. ते काही मी तिला सांगितलं नाही. उठले आणि गाईंना पेंड घालायला गेले.

तेव्हापासून दर रविवारी ही पोरगी शेळगावला. बरोबर तिची मैत्रीण राजनंदिनी, वडगाव निंबाळकरची, बागायतदाराघरची, नाजूक. तीसुद्धा माळावर दगडाबाईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन यायची आणि माझ्यापुढं सांगायची, "आजी, धाकट्या आजींच्या भाकरीला कसली चव असते!" माझ्या घरी तिला पुरणाची पोळी वाढली तेव्हा तिनं अर्धी ठेवली होती, ते मी विसरले नाही. सुकन्या घरात आली की अंगाला मेंढरांचा वास यायचा. तो वास घालवायला मी जन्म काढला होता आणि माझी नात तो आठवड्याला नवा घेऊन येत होती.

दिवाळीच्या तोंडावर तिनं सांगितलं, की बिरोबाच्या देवळाच्या नव्या सभामंडपात सगळे फोटो मांडायचे. भावकीनं यायचं, बघायचं. ज्याला जो फोटो आवडेल त्याच्याखाली चिमूटभर भंडारा वाहायचा. ज्याच्याखाली हळदीचा ढीग मोठा, तो फोटो मोठा करून, काच लावून सभामंडपात कायमचा ठेवायचा. खाली नाव लिहायचं.

"कायमचा?" मी विचारलं.

"व्हय. आपल्या भावकीचा म्हणून."

मला रात्रभर ते काही सुचू देईना. म्हणजे उद्या माझ्या पतवंडांनी देवळात जायचं, वर बघायचं आणि विचारायचं, ही कोण? आपल्या घरातली थोरली. आणि ती असणार दगडी! वाटणीत मेंढरं गेली ती गेली, आता थोरलेपणही त्यांच्याबरोबर माळावर जाणार.

आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला दूध उतू घालतात. नव्या मडक्यात मेंढीचं दूध घ्यायचं, मेंढरांच्या वाड्यापुढं तीन दगडांवर ठेवायचं आणि गोवऱ्यांचा जाळ करायचा. दूध ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला यंदा बरकत. आणि मडकं चुलीवर ठेवायचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. तो माझा. पण वाटणी झाल्यापासून मी कधी गेले नव्हते. मेंढरं त्यांची, दूध त्यांचं, जाळ त्यांचा. मी माझ्या घरी गॅसवर बासुंदी करत होते.

त्या पाडव्याला मी ट्रॉलीत बसून शेळगावला गेले. दिवाळीचं कोरं लुगडं नेसून, पांढऱ्यात हिरवट झाक, जरीचा रुंद काठ. दगडाबाईनं लांबून बघितलं आणि धावतच आली.

"आक्का! सूर्व्या कुठं उगावला आज?"

"सूर्व्या रोजच्याच जागी उगावला. मडकं कुठाय?"

मला वाटलं होतं ती तोंड वाकडं करेल. दोन शब्द तिचे, चार माझे, असं होईल. तर ही बया पदर सावरत म्हणते, "या की. तुमचाच मान हाय. मी आपली तुमच्या नावानं ठेवत व्हते." भांडणाचीसुद्धा सोय ठेवत नाही ही बाई.

माणसं माळाच्या पलीकडं मेंढरं सजवायला गेली होती. शिंगांना रंग, पाठीवर गेरूचे पट्टे. सजलेली थोडी मेंढरं माघारी येऊन वाड्याच्या कडेला उभी होती. चुलीपाशी आम्ही दोघी, सुकन्या आणि राजनंदिनी. दूध वर यायला वेळ असतो, तोवर माणसं येतात, सगळ्यांच्या देखत दूध उतू जातं, अशी रीत. पण सुकन्या कॅमेरा घेऊन समोर उकिडवी बसली होती आणि पहिल्यांदाच तिचं तोंड दगडीकडं नाही, माझ्याकडं होतं. म्हणलं, आता वेळ घालवायचा नाही. बाभळीच्या वाळक्या काटक्या मी मुठीनं आत सारल्या.

"आक्का, जाळ दांडगा झाला," दगडाबाई म्हणाली.

"मला शिकवू नगंस."

आता दूध कुठल्या अंगाला जावं हे देवाच्या हातात असतं हे खरं. पण देवाला जरा वाट दाखवली तर काय बिघडतं? दूध सणसरच्या अंगाला, आमच्या उसाच्या अंगाला जायला पाहिजे होतं. मी पदराआडून तिकडचा दगड हळूच खाली दाबला. मडकं एवढंसं कललं. मी मान वर केली, ओठाला ओठ लावला, नथ सारखी केली आणि सुकन्याला म्हणलं, "काढ आता."

एवढंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं, की सणसरच्या अंगाला मी स्वतः बसले होते.

दूध फस्सकन वर आलं आणि सगळं माझ्या मांडीवर. "आगं आयाव!" करून मी जी उठले ती लुगडं वर धरून मागं मागं, आणि मागं मेंढरं. ती भ्यायली, मी भ्याले. एक एडका माझ्या पायांत शिरला, दोन मेंढ्या अंगाला घासून गेल्या, मी एडक्याच्या पाठीवर बसले की तो माझ्यावर बसला, देवाला ठाऊक. उठले तेव्हा कोऱ्या लुगड्यावर दूध आणि गेरूचे तांबडे पट्टे. नथ कानापाशी.

आणि दगडाबाई हसली. हसली म्हणजे नुसती नाही. मांडीवर थाप मारून, मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी. पोरीपणी आम्ही दोघी रानात असताना हसायची तशी.

तेवढ्यात सुकन्याचा कॅमेरा वाजला. मी बघितलं. कॅमेरा माझ्याकडं नव्हता. त्या घडीलासुद्धा पोरीनं तोंड फिरवून दगडीचाच फोटो काढला होता.

भाजलं तसं फार नव्हतं, घोळदार लुगड्यानं वाचवलं. पण जीव जळला होता. वाड्यावरच्या देवापुढची भंडाऱ्याची वाटी मी उचलली आणि तिघींपुढं धरली. "उचला भंडारा. हितं काय झालं त्यातलं एक अक्षर ह्या माळाच्या भायेर जाता कामा नये. बिरोबाची आण."

राजनंदिनीनं घाबरून उचलला. सुकन्यानं उचलला. दगडाबाईनं डोळे पुसत पुसत उचलला.

माणसं आली. गेणबा भावजींनी रिकामं मडकं बघितलं. "आँ? गेलं बी उतू? कुठल्या अंगाला गेलं?"

दगडाबाई गंभीर तोंडानं म्हणाली, "आक्काच्या अंगाला."

"मग ब्येस झालं," भावजी म्हणाले. "थोरल्या घराला बरकत." आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी राजनंदिनीची शाल कमरेला गुंडाळून उभी होते.

घरी येताना ट्रॉलीत मी सुकन्याला म्हणलं, "मडकं मी ठेवलं, जाळ मी केला, अन् फोटो तिचा काढलास."

"आजी, तुझा काढला असता तर तू तो फाडला असतास."

"फाडला असता. पण काढायचास तरी."

सुकन्यानं तोंड फिरवलं. खिडकीतून बघावं तसं ट्रॉलीच्या फळीवरून मागं बघत बसली.

गेणबा भावजींचा वाडा, मेंढरं आणि बिऱ्हाड, कोकणात निघायच्या आधीच्या रविवारी फोटो मांडले. सभामंडपाच्या खांबाखांबाला सुतळ्या बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो टांगले होते. प्रत्येकाखाली पळसाच्या पानाचा द्रोण, भंडाऱ्यासाठी. भावकी लोटली. पोरं आपापल्या घरच्यांना ओढून न्यायची, "ह्यो बघ आप्पा, तुझा." मोठाली मिशीवाली माणसं स्वतःचा फोटो बघून लाजत होती. म्हाताऱ्यांचा मात्र घोटाळा झाला. भिंतीवर टांगलेला फोटो म्हणजे माणूस गेलेलं, एवढंच त्यांना ठाऊक. भावकीतल्या म्हाताऱ्या, कानानं जड बानूबाईनं द्रोण सोडून भंडारा थेट दगडाबाईच्या फोटोच्या कपाळाला लावला, हात जोडले आणि रडवेल्या तोंडानं विचारलं, "कवा गेली गं? मला कुणी सांगितलं बी न्हाय."

"मी हितं हाय की, बानूआत्ती," मागून दगडाबाई म्हणाली.

मी तेच कोरं लुगडं नेसून गेले होते. सगळ्यांनी दिवाळीला बघितलेलं लुगडं पुन्हा नेसलं नाही तर विचारलं असतं. दूध निघालं, पण गेरू काही निघाला नव्हता. डाग निऱ्यांत आत घेऊन मी पोटाशी गच्च खोचला होता, त्यामुळं वाकता येत नव्हतं. ताठ उभी राहून मी बघत होते.

माझा ट्रॅक्टरपुढचा फोटो तिसऱ्या खांबावर. द्रोणात आबासाहेबाची चिमूट, सुनेची चिमूट, आणि जाता-येता मी टाकलेली. द्रोणाचा तळसुद्धा झाकला नव्हता. आणि मधल्या खांबावर तो. पाडव्याचा. दगडाबाई मान मागं टाकून हसते, डोळे मिटलेले, अर्धा दात चमकतो, मागं जाळाचा धूर. त्याच्याखालचा द्रोण भरून भंडारा जमिनीवर सांडला होता. लोक हलायला तयार नव्हते. बघणारा आधी गप्प व्हायचा आणि मग आपोआप हसायला लागायचा. मला एवढा राग आला की काय सांगू. मी त्या फोटोकडं बघत होते आणि माझंही तोंड हलायला लागलं होतं. ओठ दाताखाली धरला.

"पर ही हसती कुणावर?" कुणीतरी विचारलं.

"व्हय की. समोर कोन तरी हाय."

"गेणबा दादा असतील. पागुटं पडलं असंल."

"दगडाबाई, सांग की! कुणावर हसलीस?"

दगडाबाई खांबाला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्या बाईनं ओठाला ओठ लावला. "आठवत न्हाय," म्हणाली.

लोकांनी सुकन्याला विचारलं. "तूच काढलास न्हवं?" सुकन्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा केला. "मला... मी फोटो काढत व्हते." राजनंदिनी तर देवाकडंच तोंड करून उभी राहिली.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू. आण पाळतात पोरी, म्हणलं. आणि एवढ्यात ती सारजा पुढं सरकली.

सारजा म्हणजे शेळगावची, दगडाबाईची शेजारीण. जिथं चार माणसं जमतील तिथं मधोमध. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आगं मला इचारा की! माझ्यावर हसली ती. पाडव्याला मी उखाणा घेतला न्हाय का, आमच्या मालकांच्या घोरण्याचा? त्याला हसली. पोट धरून हसली. म्हणाली, सारजे, तुझ्यागत हसवणारी भावकीत दुसरी न्हाय."

"घे की उखाणा परत," बाया म्हणाल्या.

तिनं घेतला. बाया हसल्या. सारजा फोटोजवळ जाऊन उभी राहिली, बोट लावून दाखवायला लागली, की मी हितं व्हते, अशी उभी व्हते, हात असा केला. गेणबा भावजींनी मान डोलावली. राजनंदिनीच्या हातात नाव लिहायची पट्टी होती, तिला सारजा म्हणते, "खाली लिव्ह, सारजाच्या उखाण्याला हसताना."

मी दगडीकडं बघितलं. ती खाली बघत होती. तोंड मिटलेलं. मिटल्या तोंडाची ती कुणी भलतीच बाई दिसत होती, म्हातारी, गाल आत गेलेली. बोलली असती तर सारजेचं तोंड बंद झालं असतं. पण भंडारा उचललेला. तो तिला मीच उचलायला लावलेला.

कायमचा फोटो. काच लावून. माझी पतवंडं वर बघणार. थोरली म्हणून दगडी, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण तिच्या समोर सारजा? माझ्या दुधाच्या, माझ्या जाळाच्या, माझ्या भाजल्या मांडीच्या जागी त्या घोरणाऱ्याची बायको?

"सरक तिकडं," मी म्हणलं.

सारजा वळली. "काय झालं, आक्का?"

"तुझ्या उखाण्याला कुत्रं हसत न्हाय. सरक. तिच्यासमोर मी व्हते."

सुकन्यानं कॅमेरा उचलला, मला दिसलं. दिसू दे.

"तुमी?" सारजा म्हणाली. "तुमी अन् हसवणार? तुमी तर फोटोत सुदीक हसत न्हाय, आक्का."

"ह्यो बघ." मी फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. धुराच्या खाली, अगदी कडेला, जरीच्या काठाचा तुकडा आला होता, वर उचललेला. कुणाच्या नजरेत आला नव्हता. मला मात्र आल्या आल्या दिसला होता. "ह्यो काठ कुणाचा?"

"काठ कुणाचा बी असंल. असलं काठ इंदापूरच्या बाजारात ढिगानं मिळत्यात."

मग मी एवढ्या भावकीत, देवाच्या दारात, पोटाशी खोचलेल्या निऱ्या हिसकून बाहेर काढल्या. गेरूचे तांबडे पट्टे गुडघ्यापर्यंत उलगडले. एका जागी तर एडक्याच्या शिंगाचा निळा रंगसुद्धा होता.

"हे मिळतं का इंदापूरच्या बाजारात?" मी म्हणलं. "दूध माझ्या मांडीवर उतू गेलं. दगड मी दाबला. सणसरच्या अंगाला जावं म्हणून दाबला अन् सणसरच्या अंगाला मीच बसल्याली. मग मी मेंढरांत पडले. एडक्यावर बसले का एडका माझ्यावर, ते ह्या दोघींस्नी इचारा. ह्यावर हसली ती. तुझ्या उखाण्यावर न्हाय!"

मग गेणबा भावजींचं पागोटं हलायला लागलं. "वैनी," ते म्हणाले, "अन् मी तुमच्या पाया पडलो की वो!" आणि ते जे हसायला लागले, ते खाली बसले. बानूबाईला काही ऐकू आलं नव्हतं, तीसुद्धा हसायला लागली. आबासाहेब, माझा स्वतःचा पोरगा, खांबाआड गेला. कुणीतरी द्रोणातला भंडारा उचलून माझ्यावर उधळला, मग दुसऱ्यानं, माझी नथ, माझं तोंड, गेरूवर हळद. सारजा कुठं गेली ते कळलं नाही. सुकन्याचा कॅमेरा वाजला, वाजला, वाजला. मी ओठाला ओठ लावला नव्हता, हात गुडघ्यावर नव्हते, पदर कुठं होता देव जाणे.

राजनंदिनीनं पट्टी पुढं केली. "आजी, मग खाली काय लिहू?"

"लिव्ह. दगडाबाई, आक्काबाईवर हसताना. माझं नाव बारीक लिवलंस तर बघ."

दगडाबाई अजून खांबापाशीच. तोंड मिटलेलं, पण गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, सगळं अंग गदगदत होतं. आणीला एवढी चिकटून बसली होती, की सगळा सभामंडप हसत होता आणि जिच्या हसण्याचा फोटो होता ती एकटी गप्प. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. कपाळावर पिवळा पट्टा, लुगड्यावर तांबडा. बोट तिच्या नाकापुढं धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं:

"दगडे, सोडली तुझी आण. उघड त्वांड. फोटोला बसायची अक्कल तुला ह्या जन्मात येणार न्हाय, ते मी आता सोडून दिलं. पर एक ध्येनात ठेव. हसायचं तर माझ्यावर हसायचं. त्या सारजीवर हसल्याली मला दिसलीस, तर कोकणात येऊन तुझा ऱ्हायल्याला अर्धा दात पाडीन!"